चष्मेवाल्यांची कॉफी

चष्मेवाल्यांकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं, ते त्यांनी मला नापास केलं तेव्हा.

मी नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. फळ्यावर मीच लिहिलेली अक्षरं मागच्या बाकापाशी उभं राहिल्यावर मला वाचता येईनात, म्हणून शाळेखालच्या उतारावरच्या एका अरुंद दुकानात शिरलो. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली होती. भिंतीवर लहानमोठ्या अक्षरांचा तक्ता, काचेच्या कपाटात फ्रेमा, आणि मागे स्वयंपाकघराचं सताड उघडं दार. चष्मेवाल्यांनी माझ्या नाकावर तपासणीची जड गोल फ्रेम चढवली, एक काच घातली, ती काढून दुसरी घातली आणि विचारलं, आता बरं की मघाशी बरं होतं? मी जरा विचार करून सांगितलं, आता बरं आहे.

"मास्तर," ते शांतपणे म्हणाले, "दोन्ही वेळा काच एकच होती."

स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसून त्यांची बायको एका चष्म्याच्या काडीचा स्क्रू बसवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मास्तरांनाही नापास केलंत का?"

मग चष्मेवाल्यांनी मला समजावून सांगितलं. माणसं खोटं बोलत नाहीत, पण समोरच्याला बरं वाटावं म्हणून उत्तर देतात. इतक्या आशेने कुणी आपल्याला विचारतंय, तर काहीतरी फरक सांगायलाच हवा, असं त्यांना वाटतं. म्हणून अधूनमधून एकच काच दोनदा दाखवायची. ज्याला तरीही फरक दिसतो, त्याच्या उत्तरावर चष्मा करायचा नाही. त्याला थोडा वेळ बसवायचं, इकडचं तिकडचं बोलायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

मला बसवलं गेलं. तेवढ्यात आतून कॉफीचा असा वास सुटला की मी नंबर विसरलो. चष्मेवाले आत गेले आणि शेगडीवरच्या एका उंच किटलीपुढे वाकून, एक डोळा मिटून, तिच्या झाकणाकडे बघत राहिले. त्या किटलीला पर्कोलेटर म्हणतात हे मला नंतर कळलं. त्यांच्या घरात तिचं नाव कारंजं होतं. आत मधोमध एक नळी, नळीच्या वरच्या टोकाला भोकाभोकांची वाटी, वाटीत कॉफीची जाडसर भुकटी. खालचं पाणी उकळलं की नळीतून वर चढायचं, झाकणाच्या काचेच्या बोंडावर आपटायचं आणि भुकटीतून झिरपत परत खाली यायचं. एकच पाणी पुन्हा पुन्हा वर जाणार, पुन्हा पुन्हा खाली येणार. बोंडात दिसणारं पाणी आधी पांढरं, मग पिवळट, मग विटकरी होत जायचं, आणि चष्मेवाले तो रंग बघत असायचे.

त्यांची बायको मात्र शेगडीकडे पाठ करून बसलेली होती. स्क्रू फिरवता फिरवता ती म्हणाली, "पुरे."

"अगं, रंग अजून..."

"पुरे म्हटलं ना."

त्यांनी गॅस बंद केला. ती कॉफी उत्तम होती. माझा नंबरही त्यानंतर बरोबर निघाला.

पुढे मी त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहायला आलो, आणि आमची ओळख घरोब्यात कधी बदलली ते कुणालाच सांगता येणार नाही. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणू लागलो. त्या मला शेवटपर्यंत मास्तरच म्हणत राहिल्या. नापास झालेल्याला दुसरं काय म्हणणार, असं त्यांचं म्हणणं. जोडपं मोठं मजेचं होतं. चष्मेवाले दिवसभर गावाचे डोळे तपासायचे आणि संध्याकाळी स्वतःचा चष्मा घरभर शोधायचे. तो बहुतेक वेळा कपाळावर असायचा, आणि वहिनी ते मुद्दाम सांगायच्या नाहीत. "यांना दिसतं सगळं, सापडत काही नाही," त्या मला म्हणायच्या.

कॉफीवरून त्यांचं रोज वाजायचं. रोजचं एकच भांडण, तेही दोन वाक्यांचं. यांचा भरवसा डोळ्यांवर. बोंडातला रंग आणखी थोडा गडद व्हावा, आणखी थोडा, असं त्यांना वाटत राहायचं. वहिनींचा भरवसा कशावर होता, कोण जाणे. त्या वळून बघायच्या नाहीत. पाण्याची गुडगुड ऐकायच्या, की वासावरून ओळखायच्या, की नुसतीच नवऱ्याची सवय ओळखून होत्या, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एकदा त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, आणि चष्मेवाल्यांनी मला एकट्याने केलेली कॉफी पाजली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. वास तोच, घर भरून टाकणारा, आणि कपात नुसता काढा. ते स्वतःही तोंड वाकडं करत प्यायले आणि म्हणाले, "पुरे म्हणणारं कुणी नव्हतं ना."

त्या भांड्याचा तो दोषच आहे. सगळा वास बाहेर सांडतो. वहिनी म्हणायच्या, आमच्याकडे कॉफी आधी घर पितं, मग उरलेली आम्ही.

वहिनींना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा त्या त्याच स्टुलावर होत्या. चष्मेवाल्यांनी मला नंतर सांगितलं की आधी त्यांच्या हातातून स्क्रू पडला. एरवी असला बारीक स्क्रू पडला की त्या लगेच जमिनीवर बसून तळहात फिरवत शोधायच्या. त्या दिवशी त्या नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. गिळणंही गेलं, पाण्याचा घोट दिला तरी तो श्वासनलिकेत उतरायचा, म्हणून नाकातून नळी घातली आणि तिच्यातूनच पातळ अन्न पोटात सोडू लागले. सगळे शब्द गेले, पण एक राहिला. दवाखान्यात परिचारिका त्यांची कूस बदलत होती, तेव्हा त्या अगदी स्पष्ट, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "पुरे."

चष्मेवाले खुर्चीतून उठलेच. माणूस परत आलं, असंच त्यांना वाटलं. डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेतलं. अशा आजारात कधीकधी एखादा शब्द शिल्लक राहतो, ते म्हणाले, जो आयुष्यभर सर्वांत जास्त तोंडी असतो तो. पण त्याला अर्थ असतोच असं नाही. उचकी लागावी तसा तो बाहेर येतो. तुम्ही त्यावर फार विसंबू नका. चष्मेवाल्यांनी मान डोलावली. फिरत्या विक्रेत्यांपुढे ते अशीच मान डोलवायचे.

वहिनींना घरी आणलं, तेव्हा चष्मेवाल्यांनी पलंग स्वयंपाकघराच्या दाराशीच लावून घेतला. स्टूल होतं तिथेच. दुकानात येणाऱ्याला आता तक्त्याच्या शेजारी पलंगाचा पायथा दिसायचा. लेकीला ते आवडलं नाही, गिऱ्हाइकांनाही अवघडल्यासारखं व्हायचं, पण ते ऐकेनात. पहिल्याच सकाळी त्यांनी कारंजं चढवलं. हिला पिता येत नाही तर नाही, वास तरी घेऊ दे, असं मला नंतर म्हणाले. इतकी वर्षं त्या भांड्याचा जो दोष होता, तोच आता कामाला येणार होता.

पाणी वर चढू लागलं. बोंडात रंग आला. ते नेहमीसारखे वाकून बघत होते. आणि पलंगावरून आवाज आला, "पुरे."

त्यांनी गॅस बंद केला. कपात ओतली, घोट घेतला, आणि तसाच कप हातात घेऊन वरच्या मजल्यावर माझ्या दाराशी आले. कप थोडा सांडलेला होता. म्हणाले, मास्तर, घोटभर घ्या आणि सांगा, बरोबर झाली आहे की नाही. मी घेतली. खरंच बरोबर झाली होती.

तेव्हापासून तो रिवाज पडला. सकाळी कारंजं चढायचं, मला हाक यायची, मी खाली जाऊन घोट घ्यायचा आणि निकाल द्यायचा. बहुतेक वेळा ती बरी असायची. पण काही दिवस वहिनी पाणी तापायच्या आतच तो शब्द उच्चारायच्या. तेव्हाही चष्मेवाले गॅस बंद करायचे. कपात पिवळसर कोमट पाणी पडायचं. ते शांतपणे पूर्ण कप संपवायचे आणि म्हणायचे, "आज तिला हलकी हवी होती." कधी त्या बराच वेळ गप्प राहायच्या. मग पाणी आटत आटत काळं व्हायचं, झाकण थडथडायचं, वास करपट व्हायचा, आणि हे गॅसच्या कळीवर हात ठेवून वहिनींच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. तीही कॉफी ते प्यायचे. "आज रागावली आहे," म्हणायचे. "परवा नळी बदलताना मी नीट धरली नाही ना."

त्यांचे उरलेले संवाद असे चालले होते. मी कधी मध्ये बोललो नाही. कूस बदलताना, केस विंचरताना, दिवा लावला तरी आणि मालवला तरी वहिनी तोच शब्द म्हणायच्या, हे मला दिसत होतं. त्यांनाही ऐकू येत होतंच. पण ते सगळं ते गणतीत धरत नव्हते. तपासणीच्या खुर्चीत माणूस शिंकला तर ते काही उत्तर नसतं, तसं.

मग नाकातली नळी काढायची वेळ आली. ती फार काळ ठेवता येत नाही. नाकात जखम झाली होती, दोनदा ताप येऊन गेला होता. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, लहानशी शस्त्रक्रिया करून नळी थेट पोटात बसवायची. मग आहे तशी ही अवस्था कितीही वर्षं चालेल, सुधारणा मात्र आता व्हायची नाही. दुसरी, नळी काढून टाकायची आणि तोंड ओलं करत, दुखू न देता, जे होईल ते होऊ द्यायचं. तुम्ही घरचे मिळून ठरवा, ते म्हणाले. त्यांना काय हवं असतं, ते तुम्हालाच माहीत.

लेक दुरून आली. ती नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत काम करते. आईसारखीच कमी बोलणारी, आणि बोलली की टाचणी टोचावी तसं. आल्यापासून ती पलंगाशी बसून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मला हाक आली, तेव्हा ती तिथेच होती. कारंजं चढलं, गुडगुड सुरू झाली, वहिनी म्हणाल्या, "पुरे." चष्मेवाल्यांनी गॅस बंद केला आणि लेकीकडे अभिमानाने बघितलं. बघितलंस ना, असं.

लेक म्हणाली, "बाबा, आई कॉफीबद्दल बोलत नाहीये."

ते कपात कॉफी ओतत राहिले.

"काल मी तिचं अंग पुसत होते, तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली. नळीतून खायला घालताना म्हणते. तुम्ही एवढंच कसं ऐकता? तिला हे सगळं पुरे झालंय. ती रोज सांगतेय, आणि तुम्ही रोज गॅस बंद करताय."

मी उठून जावं की बसावं, मला कळेना. चष्मेवाल्यांनी कप माझ्या हातात दिला, पण त्या दिवशी निकाल विचारला नाही. ते पुढच्या खोलीत जाऊन बसले. एक गिऱ्हाईक आलं, त्याला उद्या ये म्हणून परत पाठवलं. बराच वेळ त्यांनी तपासणीच्या काचांची पेटी पुढ्यात घेऊन एकेक काच फडक्याने पुसली आणि जागच्या जागी ठेवली.

दुपारी ते उठून आत आले. कारंजं घासलं. त्यात नुसतं पाणी भरलं. कॉफीचा डबा उचलून बाहेर दुकानात नेऊन ठेवला. भोकांची वाटी तशीच रिकामी आत बसवली, झाकण लावलं आणि गॅस पेटवला. ते काय करत होते ते मला कळलं, आणि त्यांनी ते करू नये असं फार वाटलं.

पाणी उकळलं. नळीतून वर चढून बोंडावर आपटू लागलं. बोंड पांढरंच राहिलं. खोलीत कसलाही वास नव्हता. चष्मेवाले या वेळी वाकून बघत नव्हते. पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभे होते. गुडगुड एका लयीत आली, आणि अगदी नेमक्या वेळी, त्याच आवाजात, वहिनी म्हणाल्या, "पुरे."

त्यांनी गॅस बंद केला. ते गरम पाणी कपात ओतून उभ्यानेच प्यायले.

"काच एकच होती," ते म्हणाले.

मला राहवलं नाही. मी म्हणालो की याने काहीच सिद्ध होत नाही. वहिनी नेहमीच पाठ करून बसायच्या, आवाजावरूनच ओळखायच्या. पाण्याचा आवाज तर तोच होता. उलट यावरून दिसतं की त्यांना अजून बरोबर कळतंय. मी शाळेतल्यासारखं, मुद्देसूद बोललो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, फार मायेने. "मास्तर, मला बरं वाटावं म्हणून बोलताय तुम्ही. गिऱ्हाईक असंच करतं."

लेक त्यांच्याजवळ गेली. तिने त्यांच्या हातातला कप काढून घेतला. तिचा आवाजही आता खाली आला होता. "मग बाबा, तिला मोकळं करू या ना. तिने म्हटलंय तसं."

"तिने काय म्हटलंय?" ते म्हणाले. "कॉफीला पुरे म्हणाली, ते खरं नव्हतं. मग मरणाला म्हणाली, ते खरं कसं धरू? मला हवं ते मी ऐकलं, तुला हवं ते तू ऐकतेस. ती काहीच म्हणत नाहीये गं. तिला विचारून बघ हवं तर."

आणि त्यांनी स्वतःच विचारलं. पलंगाच्या कडेला बसून, बायकोचा डावा हात हातात घेऊन, दुकानात विचारायचे तसं सावकाश, मध्ये थांबून थांबून विचारलं. शस्त्रक्रिया करू या का? वहिनी म्हणाल्या, पुरे. मग नको का करायला? पुरे. दुखतंय का? पुरे. मी कोण, ओळखलंस? वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं, चांगलं रोखून बघितलं, आणि त्याच आवाजात, तेवढ्याच जोराने, तेच म्हणाल्या. आयुष्यभर त्यांनी हजारो माणसांना हे की ते विचारलं होतं, आणि चुकत माकत, पुन्हा बसवून, प्रत्येकाकडून शेवटी खरं उत्तर काढलं होतं. त्यांनी वहिनींचा हात चादरीवर ठेवला आणि चादर सारखी केली.

दोन दिवसांनी त्यांनी शस्त्रक्रियेला होकार दिला. लेकीने विचारलं, कशाच्या आधारावर? ते म्हणाले, आधार नाहीच. नळी काढायची तर तिला तसं हवं आहे हे ठाऊक पाहिजे, आणि ते ठाऊक नाही. ठेवायला काही ठाऊक असावं लागत नाही. लेक यावर भांडली नाही. ती शस्त्रक्रिया होईपर्यंत थांबली, आईला घरी आणून पलंगावर ठेवलं, नव्या नळीतून अन्न कसं सोडायचं ते शिकून घेऊन वडिलांनाही शिकवलं, आणि गेली. ती फोन करते. बाबांची चौकशी करते, नळीची करते. आईशी बोलायला फोन तिच्या कानाशी लावा, असं मात्र म्हणत नाही.

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. वहिनी आहेत तशा आहेत. अंगावर थोडं मांस चढलं आहे, नाकाची जखम भरली आहे, चेहरा जुन्यासारखा दिसतो, आणि त्यामुळे बघणाऱ्याला जास्त जड जातं. दिवसातून अनेकदा त्या तो शब्द म्हणतात. चष्मेवाले आता त्यावर मान वर करत नाहीत. पूर्वी वहिनी शेगडीकडे बघत नसत, तसे.

दुकान सकाळचे काही तास उघडं असतं. नवे नंबर ते काढत नाहीत. गिऱ्हाईक आलं तर वरच्या चौकातल्या मशीनवाल्या दुकानात पाठवतात. मशीन काही विचारत नाही, ते बरं, म्हणतात. फक्त निखळलेल्या काड्या आणि सैल स्क्रू दुरुस्त करून देतात, तेही पलंगाच्या कडेला बसून. मी अधूनमधून जातो. कारंजं फडताळात वर ठेवलेलं आहे, आणि सकाळी आम्ही काहीच पीत नाही. रस्त्यावरच्या गोष्टी बोलतो, किंवा नाही बोलत.

वहिनींचा डावा हात अजून चालतो. झोपेत म्हणा किंवा जाग असताना म्हणा, तो हात पोटावरच्या नळीकडे जातो आणि ती ओढतो. दोनदा ती निघून आली आणि धावपळ करून पुन्हा बसवावी लागली. म्हणून चष्मेवाले हल्ली पलंगाला लागून जमिनीवर गादी घालून झोपतात, आणि झोपण्यापूर्वी वहिनींचं मनगट आपल्या मनगटाला रुमालाने बांधून घेतात.